गेन्जी डोक्यात जातोय? या, बसा

मागच्या अंकात मी ‘गेन्जी मोनोगातारी’वर दीड पान लिहिलं आणि शेवटी सहज टाकलं की वाचून बघा, काय वाटलं ते कळवा. झालं, पत्रांचा ढीग. ज्यांच्या हातून तो अंक सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात: अकराव्या शतकाच्या सुरुवातीची ही जपानी कादंबरी, तेव्हाच्या राजधानीतली म्हणजे आजच्या क्योतोमधली. लिहिणारी मुरासाकी शिकिबु, सम्राज्ञी शोशीच्या सेवेतली बाई. प्रकरणं ५४. सम्राटाचा देखणा पण गादीचा हक्क नसलेला मुलगा गेन्जी, त्याच्या आयुष्यातल्या बायका आणि पुढची पिढी. पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे, हा माणूस डोक्यात जातो. मलाही जातो, आधीच सांगते. तरी मी हे पुस्तक दोनदा वाचलंय, तेव्हा त्यावर बोलूच.

ताई, मी पाचव्या प्रकरणाला पुस्तक बंद केलं. दहा वर्षांच्या मुलीला हा अठरा वर्षांचा माणूस रात्री उचलून घरी घेऊन जातो आणि तिला “आपल्या मनासारखी” वाढवायची म्हणतो. याला क्लासिक का म्हणायचं? रेड फ्लॅग नाही, अख्खा लाल शामियाना आहे हा. (पुणे)

शामियाना आवडला! आणि अगं, तुला राग आला यात काहीच चुकलं नाही. फक्त बंद केलंस ते जरा लवकर केलंस, नवव्या प्रकरणापर्यंत तरी जायला हवं होतं.

आधी पाचवं बघ परत. गेन्जी तापातून बरा व्हायला डोंगरातल्या एका साधूकडे गेलाय आणि संध्याकाळी काटक्यांच्या कुंपणातून एका घरात डोकावतो. आत एक आजारी संन्यासिनी, आणि तिची नात धावत येते, रडून रडून चेहरा लाल झालेला. का, तर इनुकी नावाच्या पोरीनं हिचं चिमणीचं पिल्लू सोडून दिलं, टोपलीखाली झाकून ठेवलं होतं ना मी! आजी वैतागते, मी आज आहे उद्या नाही आणि तुला चिमण्या सुचतायत, जिवंत जीव कोंडून ठेवणं पाप असतं म्हणून किती वेळा सांगितलं. आता बघ, लेखिका पहिल्याच भेटीत मुलीच्या हातात टोपली देते आणि आजीच्या तोंडून कोंडण्याला पाप म्हणवते, आणि हे सगळं कोण ऐकतोय तर कुंपणापलीकडे उभा राहून तिलाच उचलायचं मनात आणणारा माणूस. हे चुकून आलंय असं मला नाही वाटत बुवा. पुढे आजी जाते, बाप मुलीला न्यायला येणार असतो आणि त्याच्या आदल्या रात्री गेन्जी तिला उचलतो, दाई बिचारी घाईघाईत मागोमाग गाडीत चढते.

आता नववं. चार वर्षं गेलीत. एक सकाळ अशी येते की तो लवकर उठतो आणि ती उठतच नाही. बस एवढंच. रात्रीबद्दल एक शब्द नाही. घरातल्या बायका म्हणतात बरं नसेल. तो दौतीची पेटी पडद्याआत सरकवतो, उशाशी एक कविता ठेवून निघून जातो, तेव्हाची रीतच होती, रात्रीनंतर कविता पाठवायची आणि बाईनं उलट कविता द्यायची. ती वाचते आणि तिच्या मनात येतं की ज्याच्या मनात हे होतं त्याच्यावर मी इतका भरवसा कसा टाकला. दुपारी तो परत येतो तर ही पांघरूण डोक्यावर ओढून पडलेली, ओढून बघतो तर घामानं निथळतेय, कपाळावरचे केस ओले. मग तो दौतीची पेटी उघडतो. आत काही नाही. आणि या महाशयांना काय वाटतं माहितीये? अजून लहानच आहे म्हणून गोड वाटतं.

अख्ख्या कादंबरीत ७९५ च्या आसपास कविता आहेत, माणसं कशालाही कविता लिहितात, पाऊस पडला तरी आणि नाही पडला तरी. तिथे ही एक रिकामी पेटी. तो त्यातून काय घेतो आणि आपण काय घेतो यातला फरक हाच मुरासाकीबाईंचा खेळ आहे. हिरोला गोड वाटलं म्हणून लेखिकेलाही वाटलं असेल असं धरायचं कारण नाही.

आणि “जपान काय बाई” असं म्हणायच्या आधी एक आठवण, आपल्याकडे संमतीवयाचा कायदा १८९१ चा, त्यानं वय दहावरून बारा केलं, आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढा गदारोळ झाला होता.

नावं लक्षात राहत नाहीत. एकच माणूस दर दहा पानांनी वेगळ्या नावानं येतो. मी वही केली होती, वहीच फाडली. (नागपूर)

वही परत करा. मी तर भिंतीवर कागद चिकटवला होता, घरचे विचारत होते कोणाची वंशावळ म्हणून.

गंमत अशी की मूळ पुस्तकात बहुतेकांना नावंच नाहीत. दरबारात माणसाला नावानं हाक मारणं उद्धटपणाचं, त्यामुळे पद किंवा राहतं ठिकाण. आपण नाही का म्हणत, हेडसर, वरच्या मजल्यावरच्या काकू, बेळगावची आत्या. आता हेडसरांना प्रमोशन मिळालं की हाक बदलते, तसंच गेन्जीच्या मित्राचं होतं, तो ज्या नावानं ओळखला जातो तो ‘तो नो चुजो’ हा मुळात त्याचा हुद्दा आहे. फुजित्सुबो म्हणजे राजवाड्यातला विस्टेरियाच्या वेलींचा चौक, तिथे राहणारी राणी, गेन्जीची सावत्र आई, ती फुजित्सुबो. बाकी आपण वापरतो ती टोपणनावं पुष्कळदा वाचकांनी कवितांमधून उचलून दिलेली. लेखिकेचंही तेच, शिकिबु हा घराण्यातल्या पुरुषाच्या खात्यावरून आलेला शब्द आणि मुरासाकी हे तिच्याच कादंबरीतल्या त्या चिमणीवाल्या मुलीचं नाव. तिचं खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. तिच्या डायरीत १००८ सालच्या एका मेजवानीची नोंद आहे, एक बडा कवी-सरदार पडद्याशी येऊन विचारतो, आमची छोटी मुरासाकी इथे आहे का? आणि बाई मनात म्हणतात, इथे गेन्जीसारखं कोणी दिसत नाही, मग मुरासाकी कुठून असणार. कसला टोला!

आणि हो, युगाओ, गेन्जीची एक प्रेयसी. ट्रान्सलेशनमध्ये काहीतरी स्वप्नाळू इंग्रजी नाव दिलेलं असतं त्यामुळे आपल्याला वाटतं कुठलं तरी दुर्मिळ फूल असेल. युगाओ म्हणजे संध्याकाळी उमलणारं पांढरं फूल, दुधीभोपळ्याच्या जातीतलं! साध्या वस्तीतल्या घराच्या कुंपणावर चढलेला वेल, गेन्जीचा माणूस फूल तोडायला जातो तर आतून एक पोरगी येते आणि अत्तराचा वास असलेला पांढरा पंखा पुढे करते, फुलाला धड देठ नाही, यावर ठेवून न्या म्हणते. त्या दुधीच्या फुलासारखीच ती बाई, एका रात्रीत कोमेजते. कळल्यापासून भाजीवाल्याकडे दुधी घेताना मला कसंतरीच होतं.

मी निवृत्त शिक्षक आहे. आजची मुलं हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या चष्म्यातून बघतात आणि ‘टॉक्सिक’ म्हणून मोकळी होतात. त्या काळच्या वाचकांना हे खटकलं नव्हतं, मग आपण कोण? (सातारा)

सर, अर्ध्या वाटेपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. एका शब्दात माणूस निकालात काढायचा म्हणजे आळसच. पण “तेव्हाच्यांना खटकलं नव्हतं” हे मात्र नाही हो खरं.

१२०० च्या सुमाराचं एक छोटं पुस्तक आहे, ‘मुम्योझोशी’. त्यात त्र्याऐंशी वर्षांची एक संन्यासिनी फिरत फिरत एका घरी येते आणि तिथल्या बायका रात्रभर गप्पा मारत बसतात, विषय काय तर गेन्जी. कुठली बाई आवडली, कुठला प्रसंग लागला, कोणाची दया आली. आपल्या भिशीतल्या गप्पाच म्हणा ना. आणि त्या गेन्जीलाही सोडत नाहीत. म्हाताऱ्या वयात एवढीशी राजकन्या बायको म्हणून घरात आणली हे एक, आणि दुसरं काशिवागीचं प्रकरण. ते असं: या कोवळ्या राजकन्येकडे काशिवागी नावाचा तरुण चोरून जातो, तिला दिवस जातात, गेन्जीला पत्र सापडतं. तो काहीच बोलत नाही. पुढे भरल्या मैफलीत फक्त त्याच्याकडे बघून म्हणतो, वय झालं की पिऊन रडू येतं बघा, काशिवागी हसतोय मला, हसू दे, काळ काही उलटा वाहत नाही, म्हातारपण कोणाला चुकलंय. तेवढ्यानं तो पोरगा अंथरुणाला खिळतो आणि मरतो. यावर त्या बायका म्हणतात की इतक्या घाबरलेल्या माणसाला डोळे वटारून मारलं, ही काय रीत झाली. आठशे वर्षांपूर्वी, सर. तेव्हा ‘टॉक्सिक’ शब्द नव्हता एवढंच.

बरं, प्रत्येक काळाला खटकतं ते वेगळं असतं, आणि ते बघायला मला जास्त मजा येते. मध्ययुगात बौद्ध मंडळींना खटकलं की बाईनं खोट्यानाट्या गोष्टी रचून लोकांची मनं चाळवली, म्हणजे ती नरकात गेली असणार, आणि तिच्या आणि तिच्या वाचकांच्याही आत्म्यासाठी विधी करायची पद्धत पडली. वाचकांच्याही! म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी. मग अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा नावाचे पंडित आले, ते म्हणाले पाप-पुण्याच्या तराजूत हे तोलायचंच नाही, वस्तूंनी मन हलतं त्याची ही गोष्ट आहे, ‘मोनो नो आवारे’. त्यानंतर १९३९ च्या सुमाराला कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकींनी आधुनिक जपानीत गेन्जी आणला, लष्करी राजवटीचे दिवस, आणि त्यातून काय गाळलं असेल? ती दहा वर्षांची मुलगी नाही. गेन्जीचे आपल्या सावत्र आईशी, म्हणजे सम्राटाच्या राणीशी असलेले संबंध, आणि त्यातून झालेला मुलगा सम्राट होतो तो भाग. राजघराण्याच्या रक्ताचा प्रश्न ना! मुलीच्या अपहरणानं कोणाचं काही बिघडत नव्हतं. तेव्हा आजच्या पोरीला पाचवं प्रकरण खटकतं तर खटकू द्या, तिच्या चष्म्यानं तरी निदान त्या मुलीकडे कोणीतरी बघितलं.

कुठलं भाषांतर घ्यायचं? आणि मँगा वाचला तर चालेल का, खरं सांगा. (डोंबिवली)

चालेल. यामातो वाकींची ‘असाकी युमेमिशी’ ही गेन्जीवरची चित्रकथा १९७९ साली सुरू झाली, जपानमधल्या कित्येकांना गेन्जी तिथूनच कळलाय, लाजायचं कारण नाही.

इंग्रजीत आर्थर वेलींचं १९२५ ते ३३ मधलं वाचायला सुंदर पण स्वतःचं बरंच घालतात आणि एक प्रकरण चक्क खाऊन टाकलंय. सायडनस्टिकर १९७६, सुटसुटीत, नावं सोपी, पहिल्यांदा वाचणाऱ्यानं हे घ्यावं. रॉयल टायलर २००१, टिपा भरपूर आणि माणसांना पदांनीच हाका मारतात, त्यामुळे वर नागपूरकरांचं जे झालं ते तुमचंही होईल, पण दरबाराची हवा यातच लागते. वॉशबर्न २०१५ चं मी थोडंच वाचलंय.

सगळे सारखे रडतात काय? राजपुत्र रडतो, सरदार रडतात, बाह्या ओल्या, परत बाह्या ओल्या. मी मोजायला लागलो होतो. (मडगाव)

मोजणं सोडा. ओली बाही हा कवितेतला ठरलेला शब्द आहे, आपल्या लावणीत जसा डोळा लवतो तसा, दर वेळी खरंच पाणी येतं असं नाही. तुम्ही त्याऐवजी कागद बघा. कुठल्या रंगाचा कागद, कुठली फांदी बांधलीये, अक्षर कसं आहे, यावरून तिथे माणूस पास किंवा नापास होतो. लाल नाकाची एक गरीब बिचारी राजकन्या आहे, ती प्रेमपत्र लिहिते जाड्या पिवळट पांढऱ्या कागदावर, म्हणजे लग्नाची पत्रिका बँकेच्या फॉर्मवर छापल्यासारखं, आणि सगळे तिला हसतात, लेखिकाही हसते, तिथे मात्र मला लेखिकेचा राग येतो.

माझं वय ६८. सगळे गेन्जी गेन्जी करतात, मला लागली ती रोकुजो. खलनायिका म्हणे. मला नाही वाटली. (चिपळूण)

काकू, या, तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवलीय.

रोकुजो म्हणजे दिवंगत युवराजाची विधवा, गेन्जीपेक्षा मोठी, शिकलेली, हस्ताक्षरासाठी नावाजलेली, आणि गेन्जी तिच्याकडे आधी हट्टानं गेला आणि मग जायचं टाळायला लागला. कामोच्या उत्सवाआधी मिरवणूक असते, गेन्जी घोड्यावरून जाणार म्हणून अख्खं शहर लोटलंय. ही बैलगाडीतून गुपचूप बघायला येते, साधी गाडी, ओळखू येऊ नये अशी. तेवढ्यात गेन्जीच्या लग्नाच्या बायकोच्या, आओइच्या गाड्या येतात, नोकर प्यालेले, जागा करा जागा करा, आणि हिची गाडी ढकलत ढकलत पार मागे रेटतात, गाडी टेकवायची घोडी मोडतात. ओळखू यायला नको होती तीच ओळखली गेली. आता पुढचं काही दिसत नाही आणि गर्दीतून बाहेरही पडता येत नाही. ती निघून जायचं म्हणते आणि तेवढ्यात “आले आले” असा गलका होतो, आणि काकू, ती थांबते हो. बघायला थांबते. तो बायकोच्या गाडीसमोरून अदबीनं जातो आणि हिच्याकडे लक्षही जात नाही. हे ज्यानं कधी लग्नाच्या पंगतीत मागच्या रांगेत ढकलला जाण्याचा अपमान गिळलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग आओइ बाळंतपणाला आलेली असताना तिला कसली तरी बाधा होते, तिच्या तोंडून रोकुजोचा आवाज येतो. रोकुजो जिवंत आहे, आपल्या घरात बसलेली आहे, तिला काही करायचं नाहीये. पण झोपेतून उठते तर कपड्यांना होमाच्या धुराचा वास. आओइच्या घरी मांत्रिक जो होम करतायत त्याचा. जपानीत त्याला ‘गोमा’ म्हणतात, आपलाच संस्कृत होम शब्द बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला, आणि आगीत टाकतात त्या बिया काही भाषांतरात खसखस होतात पण पुष्कळ जाणकार मोहरी म्हणतात. आपण दृष्ट काढतो तीच की! ती केस धुते, कपडे बदलते, वास जात नाही. आपण काय केलंय हे तिला बाहेरून कोणी सांगितलेलं नाही, स्वतःच्या केसांनी सांगितलं. खलनायिकेला असं घाबरवतात का कधी? मला तर ती या पुस्तकातली सगळ्यात एकटी बाई वाटते. तुम्ही अजून लिहा मला, सविस्तर.

मी इथे न्यू जर्सीत सेकंडहँड कॉपी घेतली. ४१ वं प्रकरण संपलं तेव्हा गेन्जी जिवंत, ४२ वं उघडलं तर तो मेलेला. पानं गहाळ आहेत असं समजून मी विकणाऱ्याला मेलही केला. (न्यू जर्सी)

हसून हसून पुरेवाट झाली. त्या बिचाऱ्यानं काय उत्तर दिलं ते कळवा.

पानं गहाळ नाहीत. ४१ मध्ये मुरासाकी, ती चिमणीवाली, मरून गेलीय, आणि गेन्जी वर्षभर नुसता बसून असतो. वर्षअखेरीला तो जुनी पत्रं काढतो, त्यात तो सुमा नावाच्या किनाऱ्यावर विजनवासात असताना तिनं पाठवलेली पत्रं वेगळी बांधून ठेवलेली, आणि ती जाळायला लावतो. (आणि तिनं आयुष्यभर एकच गोष्ट मागितली होती, संन्यास घेऊ दे, ती यानं कधी दिली नाही. राग परत आला बघा.) मग ४२ उघडतं तेच, ‘तो प्रकाश लपला त्यानंतर’. मधे परंपरेनं एका प्रकरणाचं नुसतं नाव देतात, ‘कुमोगाकुरे’, ढगाआड जाणं, आत एक अक्षर नाही, ५४ मध्ये त्याची मोजणीही नाही. ते नाव तिनंच दिलं की मागाहून कोणी घातलं यावर वाद आहे. मला विचाराल तर ज्या बाईनं दौतीची पेटी रिकामी ठेवली तिला हे जमलं असतं.

शेवट गाठाल तेव्हा मला मेल करू नका, तोही असाच अर्ध्यात थांबतो.

मुलगी चौदाची आहे, माझ्या कपाटातून हेच पुस्तक काढून बसलीय. काढून घेऊ की राहू दे? (नाशिक)

राहू द्या. फक्त पाचवं आणि नववं तुम्ही आधी वाचून ठेवा म्हणजे ती चिडून बोलायला आली की तुम्हाला काय बोलायचं ते माहीत असेल.

आणि ती पहिली नाहीये. सुगावारा नो ताकासुए नावाच्या अधिकाऱ्याची मुलगी, जन्म १००८, लांबच्या काझुसा प्रांतात वाढली. मोठी बहीण आणि सावत्र आई गेन्जीतल्या गोष्टी आठवतील तशा सांगायच्या आणि हिला सगळं हवं असायचं. तिनं स्वतःच्या उंचीची बुद्धाची मूर्ती करून घेतली आणि कोणी नसताना तिच्यापुढे डोकं टेकून मागायची की लवकर राजधानीत ने आणि असतील नसतील तेवढ्या गोष्टी वाचायला दे. राजधानीत आल्यावर एका मावशीनं पेटीतून पन्नासेक खंड भेट दिले. तेव्हाच्या मोजणीनं वय चौदा! पडद्याआड एकटी आडवी पडून एकेक खंड काढून वाचायची, दिवसभर आणि रात्री दिवा जवळ ओढून, आणि पुढे स्वतःच्या आठवणीत लिहिते की सम्राज्ञीचं पद दिलं असतं तरी त्यापुढे काय होतं. मोठी झाले की माझे केस लांब होतील आणि मी युगाओसारखी दिसेन असंही तिला वाटायचं, दुधीचं फूल.

त्याच दिवसांत तिला स्वप्न पडलं. पिवळं वस्त्र पांघरलेला एक सुंदर भिक्षू आला आणि म्हणाला, सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पाचवा खंड पाठ कर, लवकर. तिनं कोणाला सांगितलं नाही, पाठही केला नाही, आणि परत पेटीत हात घातला.